पाण्यातलं घर आणि तात्यांचं ‘व्हय’

जर्मनीत पूर आल्याची बातमी कोल्हापुरात सगळ्यांत आधी मी दिली. खुद्द जर्मन सरकारलाही ती माहीत नव्हती, कारण पूर आलेलाच नव्हता.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फुटांना, म्हणजे इशारा पातळीला टेकलेली. अशा दिवसांत आमच्याकडची माणसं ‘जेवलास का’ विचारायच्या आधी ‘पाणी किती झालं’ विचारतात. माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. रस्त्यापलीकडं आकाराम सुतारांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, एक कटर मशीन आणि ढीगभर भुसा. आकारामतात्यांकडं बटणांचा फोन. त्यामुळं त्यांची मुलगी निशिगंधा जर्मनीहून जे काही पाठवी ते माझ्या फोनवर येई आणि मी रस्ता ओलांडून दाखवायला जाई. निशी तिथं एका वृद्धाश्रमात नर्स. जाऊन चार महिने झालेले.

त्या दिवशी तिचा फोटो आला. खाली ओळ होती, ‘आबांना दाखव, मी इथं काम करते.’ आबा म्हणजे आमचे तात्या. फोटोत लाल विटांचं भलंथोरलं घर होतं आणि घराच्या चारी भिंती पाण्यात होत्या. अंगण दिसेना, पायरी दिसेना, कट्टा दिसेना. पाणी थेट भिंतीला भिडलेलं.

आता जुलै महिन्यात कोल्हापूरच्या माणसाला भिंतीला भिडलेलं पाणी दाखवल्यावर तो दुसरं काय म्हणणार? रस्ता ओलांडण्याइतकाही मला धीर निघाला नाही. मी दुकानातूनच ओरडलो, “तात्या, पळा! निशीकडं पूर आलाय!”

हे मी कुणाला सांगत होतो? तात्यांचं गाव प्रयाग चिखली. दोन हजार एकोणीसच्या महापुरात तात्या, त्यांची बायको बायडाकाकी आणि निशी दोन दिवस शेजाऱ्यांच्या गच्चीवर, मग बोटीत, मग बारा दिवस एका शाळेच्या चौथीच्या वर्गात. त्यानंतरच ते शहरात आले. पाण्याचं नाव काढलं की हा माणूस आजही आधी मीटरपेटी किती उंचीवर आहे ते बघतो.

पुढच्या अर्ध्या तासात गल्लीनं जर्मनी वाचवायला घेतली. बायडाकाकी तव्यावरची भाकरी तशीच टाकून आल्या. आमच्या तालीम मंडळाचा अध्यक्ष विश्वजित यानं हात जोडलेलं चित्र टाकून ‘जर्मनीतील आपल्या भगिनीसाठी प्रार्थना’ असं स्टेटस ठेवलं. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं तर एनडीआरएफच्या बोटी तिकडं पोचायला किती दिवस लागतील याचा हिशेबच मांडला. निशीचा फोन लागेना. तो ड्युटीच्या वेळेत कपाटात असतो हे आम्हाला नंतर कळलं.

तीन तासांनी तिचा फोन आला तेव्हा शेडमध्ये साठ माणसं होती.

“कसला पूर, आबा?” ती हसायला लागली. “खंदक हाय त्यो. पाणी कायमचंच हाय. साडेचारशे वर्षं झाली.”

लोकांनी सुस्कारा सोडला. तात्यांनी नाही सोडला.

“कायमचं? म्हंजे मुद्दाम आणलंय?”

“व्हय.”

“कुणी?”

“ज्यानं घर बांधलं त्यानंच.”

तात्या म्हणाले, “पाणी बोलावून आणून मधी घर बांधणाऱ्या माणसांत तू काय करायलाईस? ये परत.”

झालं! पूर नव्हता, पण मी तो आणून दाखवला होता. त्या फोटोबरोबर मी फक्त ‘काय झ्याक घर हाय’ एवढंच म्हणालो असतो, तर तात्यांनी मान डोलावली असती आणि रंधा मारायला लागले असते. निशीच्या प्रोबेशनचे सहा महिने सप्टेंबरात संपणार होते. गणपती विसर्जनानंतरच्या सोमवारी तिला कायमच्या करारावर सही करायची होती. ती सत्तावीस वर्षांची बाई, बापाच्या परवानगीची कायद्यानं गरज नाही. पण या बाप-लेकीचं असं आहे की चप्पल घ्यायची तरी एकमेकांना विचारून. त्या दिवशी तिनं मला वेगळा फोन केला.

“आदर्शा, आबांनी मनापासनं ‘व्हय’ म्हटलं तरच मी सही करणार. न्हायतर परत येणार. आन् मला परत यायचं न्हाय. तू लावलायस घोळ, तूच निस्तर.”

मी आजऱ्याच्या कॉलेजात बी.कॉम. झालोय. घोळ निस्तरायचा एकही पेपर आम्हाला नव्हता.



आकारामतात्यांना तुम्ही कधी पाहिलं नसेल, पण कोल्हापुरातले गणपती बघत हिंडला असाल तर त्यांचं काम पाहिलंय. आमच्या तालमीचा देखावा गेली बावीस वर्षं तेच करतात. साठीचा माणूस, अंगानं काटकुळा, कानावर पेन्सिल. पण त्या पेन्सिलीनं त्यांनी कधी कागदावर रेघ मारलेली कुणी बघितली नाही. ती कान खाजवायला आहे. नकाशा नाही, माप नाही. कुठलीही इमारत करायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला, “कुणाचं हाय?” आणि दुसरा, “त्येच्या आधी कुणाचं हुतं?”

कारण तात्या इमारत खालून वर बांधत नाहीत. ती जशी वाढत गेली तशी बांधतात. जोतिबाचं देऊळ केलं तेव्हा कुठला भाग आधीचा, कुठला कुणी नंतर जोडला हे विचारायला दोनदा डोंगर चढून गुरवांकडं जाऊन बसले. बिद्रीचा साखर कारखाना केला तेव्हा आधी जुनी इमारत उभी केली आणि मग तिच्यातच नवी चिमणी घुसवली. “अहो, शेवटी दिसणार तेवढंच करा की,” असं विश्वजित दरवर्षी सांगतो. तात्या दरवर्षी म्हणतात, “मग खोकं आण आन् त्याला रंग मार. मला कशाला बोलावलंयस?”

यंदा विश्वजितनं खरंच खोकं आणायचं ठरवलं होतं. पुण्याहून एलईडीचा पडदा भाड्यानं आणायचा आणि त्यावर मंगळ ग्रह दाखवायचा. तालमीच्या बैठकीत तो मंगळावरच्या धुळीबद्दल अर्धा तास बोलला. धुळीचं आम्हाला काय कौतुक? आमच्या रस्त्यावर या. मी उठून म्हणालो, “जर्मनीतला जलमहाल करूया. चारी बाजूंनी खरं पाणी. आपल्या गल्लीतली मुलगी तिथं कामाला हाय. पेपरात फोटो येतोय बघा.”

पेपरात फोटो म्हटल्यावर मंगळ मागं पडला. सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं.

“मी पाण्यात घर बांधणार न्हाय,” तात्या म्हणाले.

“मग निशी परत येणार,” मी हळूच म्हणालो. “पण तुमाला कधीच कळणार न्हाय, ते घर साडेचारशे वर्षं हुभं कसं ऱ्हायलं.”

हे मी सहज बोललो, पण सुताराला असं बोलायचं नसतं. तात्यांनी कानावरची पेन्सिल काढली, कान खाजवला, पेन्सिल परत ठेवली.

“करतो,” ते म्हणाले. “पर खऱ्या विटंचं, खऱ्या पाण्यात. धा दिस ओळंबा लावून बघतो. घर जागचं हललं न्हाय, तर पोरीला ‘व्हय’ म्हणून सांगतो. हललं, तर तिनं पयल्या विमानानं यायाचं. हाय कबूल?”

निशीला विचारलं. ती म्हणाली, “कबूल. आबांनी बांधलेलं आजपातूर काय हललंय?”



मग सुरू झाला तो महिना मी जन्मात विसरणार नाही. रोज दुपारी, निशीच्या मधल्या सुट्टीत, माझ्या फोनला स्पीकर जोडायचा आणि शेडमध्ये जर्मनी ऐकायची.

सांगणारे होते ब्रिंकमानआजोबा. वय चौऱ्याऐंशी, चाकाच्या खुर्चीत, त्याच आश्रमात राहतात. पण ते तिथले नुसते रहिवासी नव्हेत. खंदकाला ज्या ओढ्याचं पाणी येतं त्याच्यावर एक लाकडी दरवाजा आहे. तो वरखाली करून खंदकाचं पाणी राखायचं काम आजोबांनी अडतीस वर्षं केलं. म्हणजे आमच्या भाषेत ते तिथले पाटकरी. घराचे मालक किती आले, किती गेले. पाटकऱ्याला सगळे ठाऊक. ते जर्मनमध्ये बोलायचे, निशी मराठीत सांगायची, आणि मध्येच दोघं हसायची ती कशाला ते आम्हाला शेवटपर्यंत कळायचं नाही.

पहिला मालक होता सरदार. चांगली जमीन थोरल्या भावानं घेतली आणि याच्या वाट्याला दलदल आली.

“वाटणी सगळीकडं सारखीच,” तात्या म्हणाले.

या सरदारानं भाऊबंदकीच्या रागात दलदलीतच खणायला घेतलं. खणलेली माती मध्ये टाकून बेट केलं, चर होता तिथं पाणी भरलं, आणि बेटावर चौकोनी बुरूज बांधला. भिंत दोन हात जाड. खालच्या मजल्याला खिडकी नाही, फक्त बाणाएवढ्या फटी. पुढं दुसरं लहान बेट, त्याच्यावर घोड्यांची पागा. दोन्ही बेटांच्या मध्ये उचलायचा पूल. शत्रू आला की पूल वर.

“आन् पावणं आलं की?” बायडाकाकींनी विचारलं.

“तवा बी वर,” तात्या म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

कुंभारगल्लीतून इंचभर लांबीच्या आठ हजार विटा भाजून आणल्या होत्या. तात्यांनी पहिल्या सरदाराचा बुरूज तेवढाच उभा केला आणि हात झटकले. “दुसरा मालक आल्याबिगर म्होरं न्हाय.”

दुसरा मालक जावई. सरदाराच्या घराण्यात मुलगा उरला नाही, घर मुलीला मिळालं. जावयानं बुरुजाला चिकटवून राहायचं लांब घर बांधलं. त्याच्या छपराच्या दोन्ही टोकांच्या भिंती पायऱ्यापायऱ्यांनी वर जातात, जणू कुणी आभाळात चढायला जिना केलाय. दारावर त्यानं आपल्या घराण्याची दगडी ढाल बसवली. पण बायकोनं तिच्या वर बापाची ढाल बसवली, दीडपट मोठी.

“शाणी बाई,” काकी म्हणाल्या.

“घरजावयाचं दार असंच ओळखायचं,” तात्या म्हणाले आणि दोन्ही ढाली सागवानात कोरल्या. मोठी ढाल खरोखर दीडपट होती. मी पट्टी लावून बघितली.

तिसरा मालक तागाच्या कापडाचा व्यापारी. त्याला शत्रू नव्हते, गिऱ्हाइकं होती. त्यानं उचलता पूल काढून विटांच्या कमानींचा पक्का पूल केला आणि बाणांच्या फटी फोडून मोठ्या खिडक्या काढल्या. इथं तात्यांनी काय करावं? स्वतः बांधलेल्या भिंतीवर छिन्नी ठेवली आणि फटी फोडल्या. विश्वजित कळवळला, “अहो तात्या, आधीच खिडकी ठेवायची की!” तात्या म्हणाले, “व्यापाऱ्यानं काय म्हणून फोडल्या मग?” आणि खरं सांगतो, फोडलेल्या खिडकीची कड वेगळी दिसते. मी तोवर झेरॉक्सवाला होतो, मला मूळ प्रत आणि नक्कल यातला फरक कळतो असं वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

मग दुसरं महायुद्ध झालं. घर लष्करानं घेतलं, आणि लढाई संपल्यावर घरदार सुटून आलेली अकरा कुटुंबं त्यात ठेवली. एका दिवाणखान्यात तीन कुटुंबं, मध्ये चादरी बांधून.

आतापर्यंत दर वाक्याला टोमणा मारणाऱ्या तात्यांनी छिन्नी खाली ठेवली. मग म्हणाले, “इचार त्यास्नी, चुलीचा धूर कुठनं जायाचा?”

चौथीच्या वर्गात बारा दिवस स्टोव्ह पेटवलेला माणूस दुसरं काय विचारणार?

आजोबांकडून उत्तर आलं, प्रत्येक कुटुंबानं आपल्या खिडकीशेजारी भिंतीला भोक पाडून पत्र्याचा नळ बाहेर काढला होता. ते लोक गेल्यावर भोकं बुजवली, पण बुजवलेल्या विटांचा रंग अजून वेगळा दिसतो. तात्यांनी अकरा भोकं पाडली. दुसऱ्या दिवशी अकराही बुजवली, जरा जास्त भाजलेल्या विटांनी. देखावा बघायला आलेल्या हजारो माणसांतल्या एकालाही ती दिसली नाहीत. तात्या मात्र येता-जाता त्यांच्यावरून बोट फिरवायचे.

शेवटी घर तिथल्या गावानं घेतलं आणि वृद्धाश्रम केला. मागच्या बाजूला काचेची लिफ्ट बसवली.

“ही बी करायची?” मी विचारलं. मला वाटलं होतं, जुन्या कामाचा माणूस नाक मुरडेल.

“करायची म्हंजे? म्हातारी माणसं जिना चढणार व्हय?” तात्यांनी ती माशांच्या एका फुटक्या पेटीच्या काचेतून केली. “आन् माझी पोरगी झोपती कुठं?”

“पुढच्या बेटावर, आबा. पागेच्या वर खोल्या काढल्यात,” निशीचा आवाज आला.

“घोड्याच्या पागंत?”

“घोडी न्हाईत आता!”

“वास तरी असंल की,” तात्या म्हणाले. पण त्या खोलीची खिडकी त्यांनी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत नीट केली. उघडझाप होणारी.



गणपती बसले. मंडपात वीस फूट लांब हौद, त्यात गुडघाभर पाणी, त्या पाण्यात दोन बेटं आणि घर. घराचं वजन पेलायला तात्यांनी खाली लाकडी खुंट्यांची जाळी रोवली होती, कारण आजोबांनी सांगितलं होतं की खरं घरही दलदलीत ठोकलेल्या ओकच्या शेकडो खांबांवर उभं आहे. मागं गणराय. पुढं रांग. आणि माझ्या आवाजात निवेदन, सरदारापासून लिफ्टपर्यंत. पहिल्या संध्याकाळी रांग पार पेट्रोल पंपापर्यंत गेली. विश्वजित मंगळाचं नाव विसरला.

तात्या दिवसभर उचगावात एका बंगल्याच्या दारांचं काम करायचे आणि रोज पाचच्या ठोक्याला मंडपात यायचे. बुरुजाच्या टोकाला ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, लावायचे, एक डोळा मिटून बघायचे. पहिला दिवस, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्या दिवशी दोरी केसभर बाजूला दिसली. ते म्हणाले, वारं असंल.

चौथ्या दिवशी ओळंबा भिंतीपासून दोन बोटं बाजूला लटकला. वारं नव्हतं. बुरूज कलला होता, आणि जावयाच्या घराला वरपासून खालपर्यंत बारीक चीर गेली होती.

तात्या हौदाच्या कडेवर बसले. ओरडले नाहीत, हेच वाईट. “फोन लाव निशीला.”

“कशाला?”

“ये म्हणून सांगतो. पाण्यातलं घर त्ये. हलायचंच.”

“तात्या, इथं रेंज न्हाय,” मी म्हणालो. माझ्या फोनवर चार दांड्या होत्या.

दुकानात धावत जाऊन मीच निशीला फोन लावला. तिकडं दुपारच्या जेवणाची सुट्टी, आजोबा तिच्या शेजारीच सूप पीत होते. मी कललेल्या बुरुजाचा फोटो पाठवला. आजोबांनी चमचा खाली ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, “पाणी काढलं होतं का?”

मी विश्वजितला गाठलं. तो छाती काढून म्हणाला, “रोज काढतोय की! सकाळी मोटर लावून हौद कोरडा, दुपारी टँकर. गल्लीतल्या बायकांची तक्रार हाय, डास हुत्यात म्हणून. पाचच्या आत भरलेला असतोय बघ. तात्यांस्नी त्रास नको म्हणून बोललो न्हाय.”

मी ते तिकडं सांगितलं. आणि मग आजोबा जे बोलायला लागले ते थांबेचनात. निशीला मराठी करायला दम पुरेना. मी स्पीकर चालू ठेवून मंडपाकडं पळत सुटलो, म्हणजे तात्यांनाही ऐकू यावं.

आजोबा सांगत होते : खालचे ओकचे खांब चारशे वर्षं पाण्यात बुडालेले होते, त्यांना काही झालं नाही. मग शहात्तर साली कडक उन्हाळा पडला. ओढा आटला, खंदकाचं पाणी कंबरभर खाली गेलं, खांबांची डोकी उघडी पडली. त्यांना हवा लागली आणि ते कुजायला लागले. दोन वर्षांत घराची पूर्वेची बाजू चार बोटं खचली. ती सावरल्यावर आजोबांनी पुलाच्या भिंतीत एक लोखंडी खिळा ठोकला, आणि नोकरी संपेपर्यंत पाणी त्या खिळ्याखाली एक दिवसही जाऊ दिलं नाही. मालक म्हणायचे, पाणी भिंतीला लागतंय, जरा कमी कर. आजोबा म्हणायचे, पाणी कमी केलं तर घर जाईल.

तात्या हौदाच्या कडेवरून असे उठले की कानावरची पेन्सिल पाण्यात पडली.

“हात् तिच्या मायला!” ते ओरडले. “आरं, मला ठावं हुतं की ह्ये! माझा आज्जा इहिरी बांधायचा. इहिरीच्या तळाला जांभळाच्या लाकडाचं कडं बसवायचं, त्येच्यावर समदं दगडी काम. शंभर वरसं कडं जशाच्या तसं. पर दुष्काळात इहीर आटली, कडं उघडं पडलं, की इहीर ढासळलीच! पाण्यानं न्हाय पडत, ल्येका, पाणी काढल्यानं पडतंय!” मग विश्वजितकडं वळून, “आन् तू, मोटरवाल्या! रोज घराखालनं जीव काढून घेतोयस व्हय रं?”

विश्वजितनं त्या क्षणी मंगळावर जायची तयारी दाखवली असती.

पुढचे अडीच तास कसे गेले ते विचारू नका. मंडपाचा पडदा लावला. बाहेर रांगेतून आवाज येत होते, “काय ओ, जर्मनीत बी दुरुस्तीच चालू असती व्हय?” शेजारच्या गॅरेजमधून मोटारीचे दोन जॅक आणले. तात्यांची खरी चूक त्यांनीच कबूल केली : घाईत खुंट्या पॅकिंगच्या पेटीच्या लाकडाच्या मारल्या होत्या, त्या रोज फुगून रोज आकसत होत्या. शेडमागच्या टाकीत जांभळाचे तुकडे कायम भिजत टाकलेले असतात, ते आम्ही ओले-ओलेच आणले. जॅकनं घर केसभर उचलायचं, तात्या पोटावर पाण्यात झोपून एक खुंटी काढायचे, एक बसवायचे. “उचल... बास... बास म्हटलं की!” साठीचा माणूस हनुवटीपर्यंत पाण्यात, आणि तोंडावर असला आनंद की गच्चीवरून बोटीत बसतानासुद्धा कुणाच्या तोंडावर नसेल. चौतीस खुंट्या बदलल्या. आरतीच्या आत बुरूज सरळ. चीर तेवढी तात्यांनी बुजवली नाही. “ऱ्हाऊ दे. शहात्तर सालची हाय ती,” म्हणाले.

डासांचा प्रश्न माझ्याकडं आला. मी वडणग्याच्या एका मळ्यातल्या विहिरीतून बादलीभर गप्पी मासे आणून हौदात सोडले. बायकांची तक्रार मिटली. लहान मुलं मात्र त्यानंतर घर बघायचं सोडून मासेच बघत बसली. साडेचारशे वर्षांचा इतिहास मी घसा फोडून सांगतोय, आणि खाली ‘आई, त्यो बघ काळा!’

ओळंबा पाचव्या दिवशी सरळ. सहाव्या दिवशी सरळ. सातव्या, आठव्या, नवव्या दिवशी तात्या डोळा मिटायच्या आधीच गालात हसायचे.



दहाव्या दिवशी, संध्याकाळची गर्दी यायच्या आधी, निशीचा व्हिडिओ कॉल लावला. तिच्या शेजारी खुर्चीत ब्रिंकमानआजोबा. गळ्यात चष्मा, अंगात इस्त्रीचा शर्ट. निशी म्हणाली, सकाळपासून तयार होऊन बसलेत. मी फोन हातात धरून त्यांना सगळं घर फिरवून दाखवलं. आजोबांनी पूल बघितला, दोन ढाली बघितल्या. आणि मग थांबायला सांगितलं. काचेवर बोट ठेवून मोजायला लागले. आठ, नऊ, दहा, अकरा. बुजवलेली भोकं. तात्यांनी फोनच माझ्या हातातून काढून घेतला.

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मग आजोबांनी मागच्या गणरायांकडं बोट करून विचारलं, हे कोण?

“त्यास्नी सांग, हे आताचं मालक,” तात्या म्हणाले. मग निशीकडं वळून, “निशे, आजोबा तर आता खुर्चीत. मग खिळा कोण बघतंय?”

“दरवाजा आता मशीनवर चालतोय, आबा. पर आजोबांचा मशीनवर इश्वास न्हाय. मी सकाळी ड्युटीवर जाताना पुलावर थांबून खिळा बघती आन् त्यांस्नी सांगती. मागच्या महिन्यात मशीन बंद पडलं, तवा मीच पयल्यांदा बघितलं.”

“तू बघतीस? रोज?”

“रोज.”

तात्यांनी फोनवरून नजर काढून हौदातल्या पाण्याकडं बघितलं. बायडाकाकींनी पदर दातात धरलेला.

“मग तू हिकडं आल्यावर कोण बघणार?” तात्या म्हणाले. “एवढ्या म्हाताऱ्या माणसांचं घर हाय ते. व्हय. कर सही.”

निशी रडली का हसली ते कळलं नाही, कारण विश्वजितनं तेवढ्यात ढोल वाजवायला सांगितला. काकींनी पदर सोडला. “एवढ्यासाठनं धा दिस पाण्यात लोळलासा व्हय? मी जुलैतच सांगत हुते की, पोरीला ऱ्हाऊ द्या.”

“तवा घर हुभं कुठं हुतं?” तात्या म्हणाले.

सोमवारी निशीनं सही केली आणि सहीचा फोटो माझ्या फोनवर आला. यावेळी मी ओरडलो नाही. शांतपणे रस्ता ओलांडून दाखवायला गेलो.

एवढ्यावर माझं काम संपायला हवं होतं. पण ढोल वाजत असताना, आनंदाच्या भरात, मी आजोबांना निशीकरवी एक फुशारकी सांगून बसलो : तुमच्या खंदकाला एक दरवाजा आणि त्याला एक माणूस लागतो, आमच्या राधानगरी धरणाला सात दरवाजे आहेत आणि पाणी भरलं की ते आपोआप उघडतात, माणूस नको, वीज नको. आजोबा खुर्चीत ताठ झाले. आपोआप म्हणजे कसे? वजनावर? किती वजन? बिजागरी कुठं? मला आकृती काढून पाठव. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात पाठवतो.

आता फेब्रुवारी चालू आहे. लहानपणापासून ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ ही बातमी ऐकत आलोय, पण ते उघडतात कसे हे मी पाच जणांना विचारलं आणि पाच उत्तरं मिळाली. धरणावर गेलो तर गेटवरच्या पहारेकऱ्यानं फोटो काढायची मनाई आहे म्हणून परत पाठवलं. निशीच्या प्रत्येक निरोपाच्या शेवटी आजोबांचा आवाज असतो, त्यात ‘राधानगरी’ एवढा एकच शब्द मला कळतो. मी दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतो. जर्मन माणूस पुढचा आठवडा म्हणजे खरंच पुढचा आठवडा समजतो, हे निशीनं मला आधी सांगायला हवं होतं.